आरव्हीने राष्ट्रीय उद्यानांत जाताना मुक्कामाची जागा कशी ठरवावी

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांची सहल आरव्हीने, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीने, करायची असे घरात ठरले, की बहुतेक कुटुंबे आधी गाडी आरक्षित करतात, मग विमानाची तिकिटे काढतात आणि रात्री मुक्काम कुठे करायचा याचा विचार सर्वांत शेवटी करतात. मोटेलमध्ये उतरणाऱ्यांचे या क्रमाने निभावून जाते, आरव्हीवाल्यांचे जात नाही. गाडीची लांबी, तिला लागणारी वीज, तिच्या टाक्यांची क्षमता आणि उद्यानातील रस्त्यांवरचे निर्बंध या सगळ्यांचा हिशेब शेवटी मुक्कामाच्या जागेपाशी येऊन मिळतो आणि तो जमला नाही, तर चाकांवरचे घर हाताशी असूनही रात्री दहाला रस्त्यावर उभे राहण्याची वेळ येते. म्हणून जागा आधी ठरवावी आणि तिला बसेल अशी गाडी नंतर घ्यावी.

हा लेख प्रामुख्याने पहिल्यांदाच आरव्ही भाड्याने घेणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. उन्हाळ्याची सुट्टी आहे, भारतातून आई-वडील आलेले आहेत, मुले आहेत आणि हाताशी आठ-दहा दिवस आहेत, असे गृहीत धरून पुढचे टप्पे मांडले आहेत.

टप्पा १ : लांबीचा आकडा पक्का करावा

भाड्याने मिळणाऱ्या आरव्हींपैकी बहुतेक क्लास सी प्रकारच्या असतात. पुढे ट्रकची केबिन, तिच्या डोक्यावर पुढे आलेला झोपण्याचा माळा आणि मागे स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग अशी त्यांची रचना असते आणि लांबी साधारण २० ते ३० फुटांच्या आसपास असते. उद्यानाच्या नियमांत लांबी म्हणजे पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंतची, मागे सायकली टांगल्या असतील तर त्यांच्यासकटची. कंपनीच्या जाहिरातीत '२५ फुटी' असे लिहिलेले मॉडेल प्रत्यक्षात काही इंच जास्त भरू शकते, त्यामुळे नेमके माप विचारून घ्यावे आणि उंची व रुंदीही त्याच वेळी टिपून ठेवावी.

हा आकडा हातात आल्यावर कॅम्पग्राउंडच्या मर्यादांशी तो ताडून पाहावा. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरील मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. योसेमिटीच्या दरीतील अपर पाइन्समध्ये आरव्हीसाठी कमाल ३५ फूट आणि ट्रेलरसाठी २४ फूट अशी मर्यादा आहे. मात्र ही कमाल मर्यादा संपूर्ण कॅम्पग्राउंडची असते, प्रत्येक साइटची, म्हणजे आतल्या एकेका गाडीच्या जागेची, नव्हे. एकाच वळणावर, म्हणजे कॅम्पग्राउंडमधल्या एकाच गोल रस्त्यावर, शेजारी शेजारी असलेल्या दोन साइटपैकी एकीवर ३५ फुटी गाडी मावते आणि दुसरीवर २२ फुटी गाडीसुद्धा कशीबशी बसते. बुकिंग करताना त्या साइटच्या तपशिलात दिलेली वाहनाची कमाल लांबी हाच खरा आकडा मानावा.

पाच-सहा जणांच्या कुटुंबाला २५ फुटी गाडी पुरते, असे माझे मत आहे. ३० फुटी गाडीत आत ऐसपैस वाटते खरे, पण त्या पाच फुटांपायी उद्यानांतल्या कितीतरी जागा हातच्या जातात. आमची पहिली सहल याच पाच फुटांनी बिघडवली. २५ फुटी गाडी आरक्षित केली होती आणि तिच्या मापाने मॅदरमध्ये २७ फुटांची साइट घेतली होती. गाडी ताब्यात घेताना काउंटरवरच्या माणसाने हसतमुखाने सांगितले, की तुमची गाडी आज शिल्लक नाही, पण त्याच भावात मोठी देतो. फुकटात मोठे घर मिळाले म्हणून आम्हीही खूश झालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साइटवर गाडी मागे घेतली तेव्हा मागची चाके शेवटच्या ओंडक्याला टेकली होती आणि गाडीचे तोंड कॅम्पग्राउंडच्या रस्त्यावर चांगले हातभर बाहेर राहिले होते. सुदैवाने एक लांब साइट रिकामी होती आणि ती आम्हाला बदलून मिळाली. जुलैच्या शनिवारी असे सुदैव सहसा भेटत नाही. तेव्हापासून गाडी घ्यायच्या आठवडाभर आधी मी लांबी लेखी विचारून घेतो आणि मोठी गाडी फुकट देऊ केली तरी नम्रपणे नको म्हणतो.

टप्पा २ : गाडी उभी केल्यावर फिरायचे कसे, हे ठरवावे

जागा निवडताना नवखी मंडळी वीज आहे का, पाणी आहे का, दर किती, हे प्रश्न आधी विचारतात. त्यांच्याही आधी विचारायचा प्रश्न असा, की सकाळी उठल्यावर आपण हे घर हलवणार आहोत का? आरव्ही हलवायची म्हणजे विजेची केबल आणि पाण्याची नळी काढून गुंडाळायची, छताची झडप लावायची, प्रत्येक कपाटाचा आणि फ्रिजचा खटका बसला आहे की नाही ते पाहायचे, कुकर आणि चहाचे भांडे सिंकमध्ये ठेवायचे, पलंगावर पसरलेले चष्मे, औषधांचे डबे आणि चार्जर गोळा करायचे. हे सगळे करून निघायला अर्धा तास सहज जातो आणि एवढे करून दर्शनीय ठिकाणी पोचावे तर २५ फुटी गाडीला पार्किंग नसते. म्हणून शक्य असेल तिथे, एकदा उभी केलेली गाडी निघायच्या दिवसापर्यंत हलवावी लागणार नाही, अशीच जागा शोधावी. या कसोटीवर उद्यानांचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला गट शटल बस असलेल्या उद्यानांचा. नवख्यांनी पहिली सहल याच गटात करावी. यूटामधील झायनचे वॉचमन कॅम्पग्राउंड हे याचे उत्तम उदाहरण आहे: तेथून अभ्यागत केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथूनच दरीत जाणारी शटल सुटते आणि वर्षातील बहुतेक काळ दरीतला तो रस्ता खासगी गाड्यांना बंदच असल्यामुळे गाडी काढण्याचा प्रश्नच उरत नाही. वॉचमनमध्ये काही वळणांवरच्या साइटना विजेचे हुकअप, म्हणजे गाडीला थेट जोडून घेण्याची सोय, आहे. पाणी नळावरून भरावे लागते आणि सांडपाण्याच्या टाक्या डंप स्टेशनवर, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या जागी, रिकाम्या कराव्या लागतात. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर मॅदर आणि ट्रेलर व्हिलेज ही दोन ठिकाणे एकमेकांना लागून आहेत आणि दोन्हींकडून काठावर जाणारी मोफत बस मिळते. फरक इतकाच, की मॅदरमध्ये हुकअप अजिबात नाहीत आणि ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी व सांडपाणी तिन्ही आहेत, शिवाय तिथल्या साइट ५० फुटांपर्यंतच्या गाड्यांसाठी आरपार, म्हणजे एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघता येईल अशा, काढलेल्या आहेत. योसेमिटीच्या दरीत अपर, लोअर आणि नॉर्थ पाइन्स ही तीन कॅम्पग्राउंड शटलच्या मार्गावर आहेत. तेथे हुकअप नाहीत, पण सकाळी डोळे उघडल्यावर समोर हाफ डोम हा प्रसिद्ध कडा दिसत असेल, तर दोन दिवस विजेवाचून काढायला हरकत नसावी.

झायनसंबंधी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण अनेक कुटुंबे झायन आणि ब्राइस कॅन्यन एकाच सहलीत करतात. या दोहोंमधील जवळचा रस्ता १९३० साली पूर्ण झालेल्या झायन–माउंट कार्मेल बोगद्यातून जातो. १.१ मैल लांबीचा हा बोगदा त्या काळच्या मोटारींच्या मापाचा असल्याने मोठ्या गाड्या त्यातून मधोमध चालवाव्या लागत आणि त्यासाठी शुल्क भरून समोरची वाहतूक थांबवून घ्यावी लागे. जून २०२६ पासून ती सोय बंद करून मोठ्या गाड्यांना हा रस्ताच बंद करण्याचा निर्णय उद्यानाने घेतला. त्यासाठीच्या मर्यादा उंची ११ फूट ४ इंच, रुंदी ७ फूट १० इंच आणि लांबी ३५ फूट ९ इंच अशा आहेत. क्लास सी गाडीची लांबी या मापात बसली तरी उंची आणि रुंदी बहुधा बसत नाही. त्यामुळे ब्राइसला जाताना लांबचा वळसा गृहीत धरूनच पुढच्या रात्रीची जागा ठरवावी.

दुसऱ्या गटात यलोस्टोन येते. तेथे उद्यानभर फिरवणारी शटल नाही, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरणारा ग्रँड लूप हा मुख्य रस्ता १४२ मैलांचा आहे आणि बायसनचा कळप रस्त्यावर आला की तासभर इंजिन बंद करून बसावे लागते. येथे घर हलवण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून एकाच ठिकाणी पाच रात्री न काढता मुक्काम दोन ठिकाणी विभागावा. पश्चिमेकडील मॅडिसनला दोन रात्री घेतल्यास ओल्ड फेथफुल १६ मैलांवर येते आणि तिकडची गरम पाण्याची कुंडे सकाळी लवकर गाठता येतात. त्यानंतरच्या दोन रात्री कॅन्यन किंवा फिशिंग ब्रिजला घेतल्या, की धबधबे, सरोवर आणि हेडन व्हॅली जवळ पडते. उद्यानाच्या हद्दीत वीज, पाणी आणि सांडपाणी असे तिन्ही हुकअप फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये आहेत. हा भाग ग्रिझली अस्वलांच्या वावराचा असल्यामुळे तेथे तंबू किंवा कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत, कडक भिंतींच्याच गाड्या घेतात. सरोवराची उंची समुद्रसपाटीपासून ७,७०० फुटांच्या वर असल्याने जुलैतही रात्री हीटर लावावा लागतो आणि पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते. पातेल्यात वरण शिजवायला गेलात तर तुरीची डाळ तासाभरानेही दाताखाली येते. कुकर बरोबर घ्यावा.

तिसऱ्या गटातील उद्यानांत मुख्य रस्त्यावरच आरव्हीला अडवले जाते. माँटानातील ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रोडवर अ‍ॅव्हलांच क्रीकपासून रायझिंग सनपर्यंतच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसह ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. कॅलिफोर्नियातील सिकोयाला जाताना पॉटविशा ते जायंट फॉरेस्ट या वळणांच्या चढावर २२ फुटांपेक्षा लांब गाडी नेऊ नये, असा उद्यानाचाच सल्ला आहे. अशा ठिकाणी पायथ्याचे कॅम्पग्राउंड घ्यावे, ग्लेशियरला अ‍ॅपगर किंवा फिश क्रीक, आणि वरच्या रस्त्यासाठी एका दिवसापुरती साधी मोटार भाड्याने घ्यावी किंवा ग्लेशियरमधल्या १९३०च्या दशकातील लाल बसगाड्यांच्या फेरीत जागा घ्यावी. आई-वडील बरोबर असतील तर लाल बसच बरी, कारण तिचे कापडी छत उघडले की दरीकडे पाहायला मान वाकडी करावी लागत नाही आणि चालवणाऱ्यालाही डोंगर दिसतो.

न्यू जर्सी, मेरिलँड किंवा कॅरोलायनातून निघणाऱ्यांना जवळची म्हणजे शेनन्डोआ आणि ग्रेट स्मोकी माउंटन्स. स्मोकीजच्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाहीत आणि शॉवरही नाहीत, हे घरच्यांना निघण्यापूर्वी सांगावे. शेनन्डोआच्या स्कायलाइन ड्राइव्हवरील मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. छतावरच्या एसीसकट आपली गाडी किती उंच, ते आधी पाहून घ्यावे.

टप्पा ३ : वीज आणि पाण्याची खरी गरज मोजावी

हुकअप नसलेल्या साइटवर राहण्याला ड्राय कॅम्पिंग म्हणतात आणि राष्ट्रीय उद्यानांतील बहुसंख्य साइट अशाच असतात. अशा साइटवर फ्रिज, शेगडी, हीटर आणि गरम पाणी बहुतेक गाड्यांत प्रोपेन गॅसवर चालते. दिवे आणि पाण्याचा पंप गाडीतल्या बॅटरीवर चालतात. मायक्रोवेव्ह, एसी आणि भिंतीवरचे नेहमीचे प्लग मात्र जनरेटर लावल्याशिवाय चालत नाहीत आणि जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात. योसेमिटीच्या दरीत तो सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच लावता येतो. भाड्याच्या गाडीत जनरेटरच्या तासांचे पैसे बहुधा वेगळे लागतात, हेही लक्षात असू द्यावे.

घरात कुणी झोपताना श्वास सुरळीत ठेवणारे सीपॅप यंत्र लावत असेल, तर हा मुद्दा सोयीचा राहत नाही, तब्येतीचा होतो. रात्री जनरेटर लावता येत नाही आणि भाड्याच्या अनेक गाड्यांत बॅटरीवरून प्लगला वीज देणारा इन्व्हर्टर नसतो. माझ्या वडिलांसाठी आम्ही दोन उपाय केले: सीपॅपची स्वतंत्र बॅटरी घेतली आणि सलग दोनपेक्षा जास्त रात्री ड्राय कॅम्पिंग करायचे नाही असे ठरवले. दमट किंवा अतिउष्ण ठिकाणी, विशेषतः डेथ व्हॅलीसारख्या वाळवंटात उन्हाळ्याच्या कडेला जात असाल, तर एसीसाठी विजेचे हुकअप असलेलीच जागा घ्यावी.

हुकअपची साइट घेताना ती ३० अँपियरची आहे की ५० अँपियरची, हे पाहावे. २५ फुटी भाड्याच्या गाडीला बहुधा ३० अँपियरचा प्लग असतो आणि त्यातून १२० व्होल्टवर ३,६०० वॅट मिळतात. एसी चालू असताना कुणी इन्स्टंट पॉट आणि मायक्रोवेव्ह एकदम लावला, की ब्रेकर पडणारच. आमच्याकडे हे रोज संध्याकाळी एकदा होत असे आणि त्याचे खापर रोज नव्या माणसावर फुटत असे.

पाण्याच्या बाबतीत नवख्यांचा अंदाज हमखास एका ठिकाणी चुकतो. ताजे पाणी संपेल याची सर्वांना धास्ती असते, पण आधी भरते ती ग्रे टाकी, म्हणजे सिंक आणि शॉवरचे पाणी जिच्यात जाते ती. क्लास सी गाडीत तिची क्षमता साधारण ३० गॅलन, म्हणजे सुमारे ११५ लिटर धरावी. सहा माणसांच्या आंघोळी आणि दोन वेळची भांडी आपल्या पद्धतीने, नळ चालू ठेवून घासली, तर ती दुसऱ्या दिवशी दुपारीच भरते आणि शॉवरच्या जाळीतून पाणी उलटे वर येऊ लागते. खरकटे पाणी जमिनीवर ओतण्यास बंदी आहे. त्या वासाने अस्वले येतात. म्हणून ड्राय कॅम्पिंगची जागा घेताना त्याच कॅम्पग्राउंडमध्ये किंवा जवळच डंप स्टेशन आहे का आणि शॉवर आहेत का, हे दोन्ही तपासावे. ताटे आधी कागदाने पुसून घ्यावीत आणि एका घमेल्यात विसळावीत. गावाकडे दुष्काळात पाणी जपून वापरलेल्या आजीला हे शिकवावे लागत नाही, नातवंडांना लागते.

टप्पा ४ : उद्यानाच्या आत की बाहेर

आतल्या साध्या साइटचा दर बहुधा एका रात्रीला ३० ते ४० डॉलरच्या आसपास असतो. तिन्ही हुकअपच्या साइटला, आत असो वा बाहेर, त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे लागू शकतात. पण आत-बाहेरचा निर्णय दरावर करू नये. आत राहिल्याचा खरा लाभ सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर मिळतो, जेव्हा बाहेरून येणारी गर्दी अजून आलेली नसते किंवा परतलेली असते. त्याबदल्यात मोबाइलला रेंज नसणे, कपडे धुण्याची सोय नसणे आणि अंधार हे स्वीकारावे लागते. मधल्या दिवशी कामाच्या एखाद्या मीटिंगला हजर राहणे भाग असेल, तर ती रात्र बाहेरच काढावी.

बाहेरची जागा निवडतानाही दुसऱ्या टप्प्यातली कसोटी लावावी. ग्रँड कॅन्यनपासून सुमारे ६० मैलांवर विल्यम्स हे गाव आहे. तिथून १९०१ साली सुरू झालेली रेल्वे थेट दक्षिण काठावर जाते आणि स्टेशनला लागूनच आरव्ही पार्क आहे. गाडी तिथे लावून सकाळी आगगाडीने जावे आणि संध्याकाळी परतावे, ही आजी-आजोबांसाठी अतिशय सुखाची व्यवस्था आहे. योसेमिटीसाठी मर्सेड आणि मॅरिपोसाच्या बाजूने दरीत जाणारी यार्ट्स ही सार्वजनिक बस आहे, तेव्हा महामार्ग १४० वरचे, बसथांब्याजवळचे खासगी कॅम्पग्राउंड शोधावे. झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावात तर खासगी आरव्ही पार्कमधून प्रवेशद्वारापर्यंत चालत जाता येते. यलोस्टोनला मात्र वेस्ट यलोस्टोन गावात राहिल्यास मॅडिसनपर्यंतचे १४ मैल रोज दोनदा रांगेतून कापावे लागतात.

बाहेरच्या खासगी कॅम्पग्राउंडमध्ये केओए या कंपनीच्या कॅम्पग्राउंडची साखळी नवख्यांना सोयीची वाटते, कारण बहुतेक ठिकाणी साइट आरपार असतात, कपडे धुण्याची यंत्रे असतात आणि मुलांना खेळायला जागा असते. शेजारची गाडी मात्र हाताच्या अंतरावर असते. राष्ट्रीय वनांत आणि बीएलएम या सरकारी भूव्यवस्थापन खात्याच्या जमिनीवर अनेक ठिकाणी फुकट राहता येते आणि त्याची मुदत साधारणतः १४ दिवसांची असते, पण तेथपर्यंतचे रस्ते बहुधा कच्चे असतात आणि भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते. पहिल्या सहलीत त्या वाटेला जाऊ नये. राष्ट्रीय उद्यानाच्या आत रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये गाडीत रात्र काढणे नियमबाह्य आहे.

आठ रात्रींच्या सहलीत दोन रात्री आत ड्राय कॅम्पिंग, मग एक रात्र बाहेर तिन्ही हुकअपसह, पुन्हा दोन रात्री आत, असा आलटून-पालटून क्रम मला सर्वांत सुसह्य वाटतो. मधल्या रात्री टाक्या रिकाम्या होतात, कपडे धुतले जातात आणि घरच्यांचा स्वभाव मूळपदावर येतो.

टप्पा ५ : बुकिंग

उद्यानांतील बहुतेक कॅम्पग्राउंडचे बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होते. वॉचमन आणि मॅदरच्या तारखा सहा महिने आधी, रोज एक एक दिवस पुढे सरकत खुल्या होतात. योसेमिटीच्या पाइन्स कॅम्पग्राउंडची पद्धत वेगळी आहे: दर महिन्याच्या १५ तारखेला पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता पाच महिने पुढपर्यंतचा एक महिन्याचा पट्टा एकदम खुला होतो. १५ जानेवारीला सकाळी ७ वाजता १५ मे ते १४ जूनच्या तारखा मिळतात आणि त्या काही मिनिटांत संपतात. उन्हाळ्यात हीच वेळ भारतात संध्याकाळी साडेसातची असते, थंडीत साडेआठची. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांनाही तिथूनच एका खिडकीवर बसवता येते. आधीच लॉग-इन करून, गाडीची लांबी भरून आणि पसंतीच्या पाच-सहा साइटचे क्रमांक कागदावर लिहून तयार राहावे. शुक्रवार-शनिवारचा हट्ट सोडून रविवार ते गुरुवार मागितल्यास शक्यता बरीच वाढते.

येथे एक गल्लत वारंवार होते. यलोस्टोनमधील मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही कॅम्पग्राउंड, तसेच ग्रँड कॅन्यनचे ट्रेलर व्हिलेज, खासगी ठेकेदार चालवतात आणि त्यांचे बुकिंग त्यांच्या स्वतंत्र संकेतस्थळांवर होते. सरकारी संकेतस्थळावर शोधून जागाच नाही असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. उद्यानाच्या अधिकृत पानावर त्या कॅम्पग्राउंडचे नाव उघडून तिथल्या दुव्यावरूनच बुकिंगला जावे.

जागा मिळाली नाही तर रद्द होणाऱ्या साइटवर नजर ठेवावी. सरकारी संकेतस्थळावर तशी सूचना लावता येते आणि प्रवासाच्या आधीच्या दोन आठवड्यांत बऱ्याच साइट मोकळ्या होतात. आई-वडील ६२ किंवा त्याहून अधिक वर्षांचे असून अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असतील, तर ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनियर पास काढावा. सरकारी कॅम्पग्राउंडच्या भाड्यात त्यावर बहुतेक ठिकाणी निम्मी सूट मिळते. पाहुणा व्हिसावर आलेल्यांना तो मिळत नाही आणि हुकअपच्या ठेकेदारी साइटना ती सूट अनेकदा लागू होत नाही.

टप्पा ६ : साइटचा क्रमांक

नकाशावर क्रमांक निवडताना पहिल्या सहलीत आरपार साइटला प्राधान्य द्यावे, कारण तिच्यात गाडी मागे घ्यावी लागत नाही. ती मिळाली नाही, तर गाडी चालकाच्या बाजूने, म्हणजे डावीकडे वळवत मागे घेता येईल अशी साइट घ्यावी. चालकाला खिडकीतून जागा दिसते. साइटच्या तपशिलात जमिनीचा उतार दिलेला असेल तर तोही पाहावा. प्रोपेनवर चालणारा फ्रिज गाडी बरीच कललेली असल्यास नीट थंड करत नाही आणि पलंगावर रात्रभर एकाच बाजूला घरंगळत राहावे लागते. भाड्याच्या कंपनीकडून चाकांखाली घालायचे प्लास्टिकचे ठोकळे मागून घ्यावेत. शौचालयाच्या अगदी समोरची साइट घेऊ नये, पण आई-वडील असतील तर दोन-तीन साइट सोडून घ्यावी, कारण रात्री गाडीतील अरुंद बाथरूमपेक्षा त्यांना बाहेरचे सोयीचे वाटते. जनरेटरला बंदी असलेले वळण वेगळे दाखवलेले असते; आपल्याला जनरेटर लागणार असेल तर ते टाळावे.

टप्पा ७ : पोचणे आणि निघणे

काहीही झाले तरी उजेडात पोचावे. साइटपाशी आल्यावर आधी खाली उतरून फांद्या, दगड, चूल आणि टेबल कुठे आहे ते पाहावे, मग एकाने मागे उभे राहून गाडी घ्यायला लावावी. हे काम एकाच माणसाकडे द्यावे. आमच्याकडे चौघे जण चार दिशांनी 'येऊ द्या, येऊ द्या' करत असत. शेवटी मेहुण्याने खिशातून शिट्टी काढली आणि एस.टी.चा वाहक वाजवतो तशी, गाडी मागे घ्यायला एक लय आणि थांबायला दुसरी, अशी ठरवून दिली. तेव्हापासून बंपर शाबूत आहे. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी छताची झडप उघडून पंखा लावावा. मोहरी तडतडून हिंग पडला, की ओट्यापासून चार फुटांवरचा धुराचा अलार्म वाजतो आणि रात्री दहानंतरच्या शांततेच्या वेळेत तो सबंध वळणाला ऐकू जातो. अन्न आणि सुवासिक वस्तू गाडीच्या बाहेर ठेवू नयेत, आणि गाडीत कुणी नसताना खिडक्या व झडपा बंद ठेवाव्यात. अस्वलांच्या भागात याची तपासणी होते.

निघण्याच्या दिवशी डंप स्टेशनवर सकाळी नऊ ते अकरा रांग असते, म्हणून आठच्या आत जावे. हातमोजे घालावेत, नळीचे जोड दोनदा तपासावेत, आधी ब्लॅक टाकी, म्हणजे शौचाची, रिकामी करावी आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. पिण्याचे पाणी भरायची नळी वेगळी, बहुधा पांढरी असते. ती या कामाच्या जवळपासही आणू नये. ताज्या पाण्याची टाकी पुढच्या मुक्कामी पाणी आहे असे कळले असेल तर निम्मीच भरावी, कारण ४० गॅलन पाण्याचे वजन सुमारे दीडशे किलो होते आणि चढावर ते पेट्रोलच्या काट्यावर दिसते.